पोत्याला अस्तर मिळाले, मान उघडीच

रासायनिक खताच्या इतिहासात कारखाने येतात, उत्पादनाचे आकडे येतात. खताचे पोते ज्याच्या मानेवरून शेतापर्यंत गेले, तो हमाल फारसा येत नाही.

जॉन बेनेट लॉज यांनी १८४२ साली इंग्लंडमध्ये सुपर फॉस्फेटचे पेटंट घेतले. आपल्या देशात १९०६ साली दक्षिणेत राणीपेटला ते होऊ लागले. १९१९ साली स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी कंपनीने ते अंबरनाथला केले. कृती साधी. फॉस्फेटच्या दगडाची पूड करायची, त्यात गंधकाचे आम्ल घालायचे आणि ढीग काही आठवडे मुरू द्यायचा. तरी थोडे आम्ल शिल्लक राहतेच. सरकारच्या खत नियंत्रण आदेशानेही पावडरमध्ये मोकळ्या फॉस्फरिक आम्लाला ४ टक्क्यांची मर्यादा घातली आहे.

हे आम्ल तागाची पोती कुजवत असे. पोते फाटले की माल सांडे आणि नुकसान होई. म्हणून पोत्याला आतून प्लॅस्टिकचे अस्तर आले, पुढे विणलेल्या प्लॅस्टिकच्या गोण्या आल्या. गोणीवर 'हूक वापरू नये' असेही छापू लागले. ही सगळी काळजी मालाची होती.

हमालाच्या कातडीचे काय? खरिपाआधी खत येते तेव्हा सोलापूरचा पारा चाळिशीपार असतो. गोणीतून गळलेली पूड घामात विरघळते, कॉलरच्या घडीत अडकते आणि कातडी हळूहळू भाजते. माझ्या वर्गात हमालांची मुले असत. त्यांच्या वडिलांच्या मानेवरचे काळे चट्टे आम्ही ओझ्याचे घट्टे समजत होतो.

अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ साली माथाडी कायदा झाला. मजुरीला हिशेब आला, भविष्य निर्वाह निधी आला. पोत्याचे वजनही पुढे उतरले. युरियाची गोणी २०१८ पासून ४५ किलोची आहे. कायद्यात आरोग्य व सुरक्षिततेचा उल्लेख आहे, पण मालधक्क्यावर आजही उघड्या मानेचे हमाल दिसतात.

शेती करणाऱ्या नातलगांना एवढेच सांगणे: गोणी उतरवणाऱ्याला मान झाकणारे जाड कापड, हातमोजे आणि शेजारी भरपूर पाणी द्या. पूड अंगावर पडली तर आधी झटका, कपडे काढा, मग वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली धुवा. हळद किंवा तेल लावू नका. डोळ्यात गेली तर लगेच धुवायला लागा आणि दवाखाना गाठा.