शब्दवेध : गोंडोला

गुलमर्गला निघालेल्या मराठी पर्यटकाच्या यादीत ‘गोंडोला’, म्हणजे तारेवरून डोंगर चढणारा डबा, असतोच. बर्फाच्या डोंगरावर भेटणारा हा शब्द मूळचा पाण्यातला. व्हेनिसच्या कालव्यांतली लांबट, काळी, एका वल्ह्यावर चालणारी होडी म्हणजे गोंडोला. १०९४ सालच्या तिथल्या एका दस्तऐवजात तिचा उल्लेख आहे. या शब्दाची व्युत्पत्ती अजून वादात आहे.

ही होडी हवेत चढली ती हवाई जहाजांमुळे. वायूने भरलेल्या अवाढव्य देहाखाली माणसं आणि इंजिनं ज्यात असत, त्या टांगत्या भागाला तिचं नाव मिळालं. २ जुलै १९०० रोजी कॉन्स्टन्स सरोवरावर उडालेल्या पहिल्या झेपेलिन हवाई जहाजाला असे दोन गोंडोला होते. तारेवरच्या डब्यांकडे हे नाव नंतर आलं.

गुलमर्गच्या गोंडोलाचा कोंगडूरीपर्यंतचा टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला, अफरवत शिखराकडचा २००५ मध्ये. वर सुमारे ३,९०० मीटर उंचीवर हवा विरळ होते, आणि आभाळ स्वच्छ असेल तर नंगा पर्वत दिसतो. तो पाहायला एवढं चढून जावंच! तार अखंड धावत असते. स्थानकात डब्याची पकड सुटते, तो संथ होतो, म्हणून आपल्याला आत शिरता येतं.

तारेवरच्या अशा वाहनाला रायगडावर १९९६ पासून आपण ‘रोपवे’ म्हणतो. कागदोपत्री ‘रज्जुमार्ग’. हिंदीत ‘उडनखटोला’, म्हणजे उडती छोटी खाट. मला मात्र ‘पाळणा’च सर्वांत नेमका वाटतो. जत्रेतल्या आकाशपाळण्याने तो आधीच उंच नेऊन ठेवला आहे.