नऊशे घोडे आणि एक खरारा

माझे पणजोबा जळगाव स्टेशनबाहेर टांगा हाकायचे. त्यांची एकच वस्तू घरात उरलीय: घोड्याचं अंग घासायचा लोखंडी खरारा. म्हणून असेल, पण जुन्या ट्रामबद्दल वाचताना माझं लक्ष डब्यांपेक्षा घोड्यांकडे जातं.

मुंबईत पहिली ट्राम ९ मे १८७४ रोजी धावली. कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटमार्गे पायधुणीपर्यंत, भाडं तीन आणे. डबा ओढायला एक किंवा दोन घोडे. मातीच्या रस्त्यात गाडीचं चाक रुततं. लोखंडी रुळावर लोखंडी चाक सहज फिरतं. तेवढ्याच ताकदीत घोडा कितीतरी जास्त माणसं ओढतो. ट्रामची सगळी युक्ती एवढीच.

पण घोडा दमतो. काही तासांनी त्याला सोडून ताजा घोडा जुंपावा लागतो. म्हणूनच कंपनीच्या तबेल्यात नऊशे घोडे होते, असं सांगतात. सॅन फ्रान्सिस्कोत चढ इतके उभे, की तिथे १८७३ मध्येच जमिनीखालून फिरणाऱ्या दोराने डबे ओढायला सुरुवात झाली. मुंबईचे रस्ते सपाट. तिथे घोडेच राबत राहिले. १९०७ मध्ये विजेची ट्राम आली. तीही ३१ मार्च १९६४ ला थांबली.

आपल्या खानदेशाच्या शेजारी, नाशिकलाही घोड्यांची ट्राम होती. रेल्वे स्टेशन गावापासून आठ-दहा किलोमीटरवर, म्हणून १८८९ च्या सुमारास रूळ टाकले. दोन डबे, चार घोडे. सुमारे चाळीस वर्षं चालून तीही बंद पडली. जळगावात रेल्वे गावाजवळच आली, धुळ्याला १९०० साली चाळीसगावहून फाटा आला. आपल्याकडे उरलेलं अंतर टांग्याने भागवलं.

या सगळ्या इतिहासात तारखा सापडतात, भाडं सापडतं, घोड्यांचा आकडाही सापडतो. त्या नऊशे घोड्यांना रोज चंदी घालणाऱ्या, खरारा करणाऱ्या मोतद्दारांपैकी एकाचंही नाव मला कुठे वाचायला मिळालं नाही.

परवा आजोबांना विचारलं, आपल्या टांग्याच्या घोड्याचं नाव काय होतं? ते लगेच म्हणाले, "राजा." मग पणजोबा त्याला पहाटे कसं उठवायचे, हेही सांगत बसले.

मी सगळं वहीत लिहून ठेवलंय. तुमच्या घरी असं कुणी असेल, तर आजच विचारा.