तारापूर, ठाणे जिल्हा आणि अणुआपत्तीतील माहितीचा प्रश्न

भारतातील पहिले अणुवीज केंद्र तारापूर येथे १९६९ मध्ये कार्यान्वित झाले. अणुऊर्जा नियामक मंडळ मात्र १९८३ मध्ये स्थापन झाले, ही चौदा वर्षांची तफावत बोलकी आहे. भिवंडीप्रमाणेच तारापूरही तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. किरणोत्सारी गळती झाल्यास केंद्राच्या आवारात उपाययोजना करणे हे व्यवस्थापनाचे काम. बाहेरील लोकांचे स्थलांतर, आयोडीनच्या गोळ्यांचे वाटप, दूध व अन्नावरील निर्बंध हे जिल्हाधिकाऱ्यांचे. २०१४ मध्ये पालघर जिल्हा निर्माण झाल्यावर ही जबाबदारी ठाण्याकडून तिकडे गेली.

आपत्ती नियोजनाचे क्षेत्र केंद्राभोवती १६ किलोमीटरपर्यंत मानले गेले. भिवंडी त्याबाहेर आहे. परंतु किरणोत्सारी आयोडीन गवतातून गाईच्या दुधात उतरते आणि दूध दूरवर विकले जाते. आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य सुमारे आठ दिवसांचे असल्याने पहिल्या काही दिवसांतील निर्णयच निर्णायक ठरतात. २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिल येथे अपघात झाला. जवळचे प्रिप्यात शहर दुसऱ्या दिवशी दुपारी रिकामे करण्यात आले. दूषित दूध पुढेही मुलांच्या पोटात जात राहिले आणि त्यांच्यात थायरॉईडच्या कर्करोगाचे प्रमाण वाढले. तेथे साधनांइतकीच उणीव वेळेवर दिलेल्या माहितीची होती.

तारापूरच्या संदर्भात हाच मुद्दा कळीचा आहे. गळतीचे मोजमाप प्रथम केंद्राच्याच हाती असे. जिल्हाधिकारी त्या सूचनेवर अवलंबून. १९६२ च्या अणुऊर्जा अधिनियमातील कलम १८ ने तर माहितीच्या प्रकटीकरणावर निर्बंध घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला होता. गाव हलविण्याचा आदेश ज्याने काढायचा, त्याच्याकडे स्वतंत्र मोजमापाची सोय नव्हती.