बिली क्लूव्हर : लेसर, आरसा आणि धुके

योहान विल्हेल्म क्लूव्हर (१९२७–२००४) हे स्वीडिश वंशाचे अमेरिकी विद्युत अभियंते कलाजगतात ‘बिली क्लूव्हर’ या नावाने ओळखले जातात. अवरक्त लेसरविषयीचे संशोधन आणि दहा पेटंटे त्यांच्या नावावर आहेत. तथापि त्यांचे नाव आज घेतले जाते ते निराळ्याच कारणासाठी. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलावंत आणि अभियंते यांनी एकत्र बसून जी कामे केली, त्यांपैकी अनेकांची जुळवाजुळव या एका गृहस्थाने केली होती. माणसे शोधणे, वेळापत्रक लावणे, पैसा आणि साहित्य उभे करणे, एकाची कल्पना दुसऱ्याला समजेल अशा प्रश्नात मांडणे, हे सारे त्यांनी केले. ‘प्रकल्प व्यवस्थापक’ हे पदनाम त्यांनी कधी लावले नाही. काम मात्र तेच होते. शिल्पाखालच्या पाटीवर सहसा न येणारे हे काम नेमके काय असते, ते कोठे साधते आणि कोठे फसते, हे त्यांच्या कारकिर्दीत विलक्षण स्पष्टपणे दिसते.

क्लूव्हर यांचा जन्म १३ नोव्हेंबर १९२७ रोजी मोनाको येथे झाला. बालपण स्वीडनमध्ये गेले. स्टॉकहोमच्या राजकीय तंत्रविद्यालयात विद्युत अभियांत्रिकी शिकत असतानाच चित्रपट मंडळाचे काम त्यांनी अंगावर घेतले होते. पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारे हान्नेस आल्फवेन हे तेथे प्राध्यापक होते. विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांतून इलेक्ट्रॉन कसे फिरतात हे समजावण्यासाठी क्लूव्हर यांनी विद्यार्थिदशेत चक्क एक अ‍ॅनिमेशनपट तयार केला. पदवीनंतर ते फ्रान्समधील एका विद्युत कंपनीत गेले. आयफेल टॉवरच्या माथ्यावर दूरचित्रवाणीचा अँटेना बसवण्याच्या कामात ते होते, तसेच समुद्रसंशोधक झाक कूस्तो यांच्या मोहिमांसाठी पाण्याखाली चालणारा टीव्ही कॅमेरा घडवण्यातही त्यांचा हात होता. १९५४ मध्ये ते अमेरिकेत आले, १९५७ मध्ये बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली आणि १९५८ मध्ये न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेत रुजू झाले. ट्रान्झिस्टर जेथे जन्मला ती ही संस्था. तेथे वरिष्ठ पदावर असलेले जॉन पिअर्स स्वतः विज्ञानकथा लिहीत आणि संगणकावर संगीतरचनेचे प्रयोग करीत. अशा वातावरणात एखाद्या अभियंत्याने सुटीच्या दिवशी भंगार गोळा केले तर त्याला कोणी हटकत नसे.

भंगाराचा उल्लेख अलंकारिक नाही. १९६० च्या आरंभी स्विस शिल्पकार झाँ टिंगेली न्यू यॉर्कमध्ये आले. स्वतःचाच नाश करणारे एक यंत्र आधुनिक कला संग्रहालयाच्या प्रांगणात उभारण्याचा त्यांचा मानस होता. क्लूव्हर यांचे जुने मित्र आणि कलासमीक्षक पोन्टस हुल्टेन यांनी दोघांची गाठ घालून दिली. टिंगेली यांना सायकलची चाके हवी होती. क्लूव्हर यांनी ती न्यू जर्सीच्या कचराडेपोंतून गोळा करून आणली आणि सहकाऱ्यांच्या मदतीने यंत्राचे कोणते अंग कोणत्या क्रमाने मोडेल याची विद्युत जुळणी केली. मार्च १९६० मधील एका थंड संध्याकाळी ‘होमेज टू न्यू यॉर्क’ हे पियानो, न्हाणीचे टब, मोटारी आणि चाकांचे धूड सुरू झाले आणि २७ मिनिटांनी संपले. ठरल्याप्रमाणे सर्व काही घडले नाही. काही भाग वेळेआधी बंद पडले, तर पेटलेला भाग विझवायला अग्निशामक जवानाला पुढे यावे लागले. नाश पावण्यासाठीच केलेल्या यंत्रात बिघाड कशाला म्हणायचे, हा प्रश्न अभियंत्यासमोर यापूर्वी कधी आला नसेल.

या अनुभवातून क्लूव्हर यांची कार्यपद्धती ठरली. कलावंताने काय हवे ते सांगावे, शक्य-अशक्यतेचा निर्णय स्वतःच आधी करून बसू नये. आणि अभियंत्याने कलेविषयी मत देण्याच्या भानगडीत न पडता समोरचा प्रश्न सोडवावा. रॉबर्ट राउशेनबर्ग यांना माणसाच्या वावराबरोबर आवाज बदलणारी कलाकृती हवी होती. तीन वर्षांच्या खटाटोपानंतर १९६५ मध्ये ‘ऑरॅकल’ पुरी झाली : भंगारातल्या धातूच्या वस्तूंची पाच शिल्पे, प्रत्येकात रेडिओ, आणि त्यांच्यात जोडणाऱ्या तारा नाहीत. जॅस्पर जॉन्स यांना चित्रावर निऑनचे अक्षर हवे होते, पण भिंतीतून येणारी वायर नको होती. ते काम बॅटरीवर भागवण्यात आले. अँडी वॉरहॉल यांची मागणी आणखी निराळी. त्यांना हवेत तरंगणारा विजेचा दिवा हवा होता. क्लूव्हर आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला तेव्हा दिसले, की दिवा पेटता ठेवणाऱ्या बॅटरीच्या वजनापुढे ते जमणार नाही. मात्र या शोधाशोधीत उष्णतेने कडा चिकटवता येणारे एक चंदेरी वेष्टन हाती लागले. वॉरहॉल यांनी ते पाहिले, दिव्याचा नाद सोडला आणि त्या वेष्टनाच्या हेलियम भरलेल्या उशा केल्या. ‘सिल्व्हर क्लाउड्स’ या नावाने त्या १९६६ मध्ये न्यू यॉर्कच्या लिओ कॅस्टेली दालनात तरंगल्या. ‘होणार नाही’ हे उत्तर प्रामाणिकपणे आणि सामग्रीसह दिले तर त्यातूनही काम निघते, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

त्याच वर्षी ऑक्टोबरच्या १३ ते २३ तारखांदरम्यान ‘नाइन इव्हिनिंग्ज : थिएटर अँड इंजिनिअरिंग’ हा प्रयोगमहोत्सव न्यू यॉर्कमधील ६९ व्या रेजिमेंटच्या शस्त्रागारात झाला. १९१३ मध्ये अमेरिकेला युरोपच्या आधुनिक कलेचे पहिले मोठे दर्शन घडले ते याच वास्तूत. जॉन केज, डेव्हिड ट्यूडर, राउशेनबर्ग, इव्हॉन रेनर यांच्यासह दहा कलावंत आणि बेल प्रयोगशाळेतील अभियंत्यांसह सुमारे तीस तंत्रज्ञ यात होते. राउशेनबर्ग यांच्या ‘ओपन स्कोअर’मध्ये टेनिसच्या रॅकेटमध्ये प्रक्षेपक बसवला होता. चेंडूवर फटका बसला की त्याचा आवाज दालनभर घुमे आणि एक दिवा विझे. अखेरीस काळोख होई. मग काळोखातच शेकडो लोक मैदानात येत आणि ते दिसत केवळ अवरक्त कॅमेऱ्यातून पडद्यावर. कल्पना अशी, आणि प्रत्यक्षात पहिल्या रात्री प्रेक्षक ताटकळले, जोडण्या अडल्या, दालनातील प्रतिध्वनीने शब्द गिळले. वृत्तपत्रांनी झोडपले. दहा हजारांहून अधिक लोकांनी मात्र हे प्रयोग पाहिले. तालमीसाठी सगळी यंत्रणा त्या जागी पुरेसा वेळ मिळालीच नव्हती. नाटक कंपनीच्या साध्या व्यवस्थापकालाही हे आधी दिसले असते, असे म्हणायचा मोह होतो. परंतु असे नाटक यापूर्वी कोणी लावलेच नव्हते.

महोत्सवाच्या आगेमागेच क्लूव्हर, राउशेनबर्ग, रॉबर्ट व्हिटमन आणि अभियंते फ्रेड वाल्डहॉवर यांनी ‘एक्स्पेरिमेंट्स इन आर्ट अँड टेक्नॉलॉजी’ ही संस्था स्थापन केली. ‘ई.ए.टी.’ या आद्याक्षरांनी ती प्रसिद्ध आहे. नोव्हेंबर १९६६ मधील पहिल्या सभेला सुमारे तीनशे कलावंत आले आणि तांत्रिक मदतीच्या ऐंशीएक मागण्या तेथेच नोंदल्या गेल्या. दशकाच्या अखेरीस सभासदांत दोन हजारांहून अधिक कलावंत आणि जवळपास तितकेच अभियंते होते. मागणी घेऊन आलेल्या कलावंताची ‘योग्यता’ संस्थेने तपासायची नाही, योग्य अभियंता तेवढा गाठून द्यायचा, असे धोरण होते. १९६८ च्या स्पर्धेत बक्षीस ठेवले तेही कलाकृतीतील अभियंत्याच्या कामगिरीसाठी आणि परीक्षक नेमले ते विज्ञान-तंत्रज्ञान क्षेत्रातले. पहिले बक्षीस मिळालेल्या झाँ द्यूप्वी यांच्या कलाकृतीत बंद पेटीतील लाल रंगद्रव्याची धूळ हृदयाच्या ठोक्यांबरोबर उसळत असे. श्रेयाच्या वाटणीबाबत इतकी सजग कलासंस्था आजही विरळाच. क्लूव्हर यांनी १९६८ मध्ये बेल प्रयोगशाळा सोडली ती या संस्थेला पूर्ण वेळ देण्यासाठी.

संस्थेचे सर्वांत मोठे काम, आणि सर्वांत मोठी ठेच, म्हणजे जपानमधील ओसाका येथील ‘एक्स्पो ७०’ या जागतिक प्रदर्शनातील पेप्सी कंपनीचे दालन. इमारतीचा आराखडा जपानी वास्तुरचनाकारांनी आधीच केला होता : अनेक पैलू पाडलेला पांढरा घुमट. कलावंतांना तो मुळीच आवडला नव्हता. तो झाकायचा कसा, यावर फुजिको नाकाया यांनी उत्तर दिले, धुक्याने. त्यांचे वडील उकिचिरो नाकाया हे प्रयोगशाळेत कृत्रिम हिमस्फटिक बनवणारे पहिले शास्त्रज्ञ. फुजिको यांची अट एकच होती, धुके शुद्ध पाण्याचे हवे, रसायनाचे नको. माणसाला त्यातून चालता आले पाहिजे. कॅलिफोर्नियातील भौतिकशास्त्रज्ञ थॉमस मी यांनी उच्च दाबाचे पाणी सूक्ष्म छिद्रांतून सोडणारी यंत्रणा तयार केली आणि छपरावर २,५२० तोट्या बसल्या. घुमट ढगात गेला.

आत होता सुमारे ९० फूट व्यासाचा गोलाकार आरसा. अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या पातळ प्लास्टिकचा तो पडदा आधाराच्या सांगाड्यात ताणून ठेवला होता तो खिळ्यांनी नव्हे, हवेने : पडद्यामागचा दाब आतल्या दाबापेक्षा किंचित कमी ठेवायचा, म्हणजे पडदा बाहेरच्या बाजूला ओढला जाऊन गोल राहतो. अशा अंतर्वक्र आरशामुळे प्रेक्षकाची उलटी प्रतिमा आरशात न दिसता डोक्यावर, हवेत लटकलेली दिसे, आणि तिच्याभोवती फिरून पाहता येई. पायांखालची जमीन दहा प्रकारची होती. हातातल्या श्रवणयंत्रात जागेगणिक निराळा आवाज येई. बाहेर रॉबर्ट ब्रीअर यांचे पांढरे, पुरुषभर उंचीचे घुमट मिनिटाला दोन फुटांपेक्षा कमी वेगाने सरकत आणि कशाला धडकले की दिशा बदलत. अमेरिका आणि जपान मिळून पंचाहत्तरहून अधिक कलावंत-अभियंते या कामावर होते. दोन खंड, दोन भाषा, अनेक ठेकेदार आणि प्रदर्शनाच्या उद्घाटनाची न हलणारी तारीख. मार्च १९७० मध्ये दालन उघडले, हेच व्यवस्थापन म्हणून थोडके नव्हे.

मात्र उघडल्यानंतरचे काय, हे पक्के झालेले नव्हते. संस्थेच्या मते दालन हे वाद्य होते. निरनिराळ्या कलावंतांनी येऊन त्यावर रोज नवे काही वाजवायचे. कंपनीला लोकांची रांग पुढे सरकवणारा ठराविक कार्यक्रम हवा होता. चालवण्याच्या आणि देखभालीच्या खर्चापोटी आधी १,८५,००० डॉलरची बोली होती. संस्थेने प्रत्यक्षात मागितले ४,०५,०००. कंपनीने करार गुंडाळला आणि काही आठवड्यांतच दालन स्वतःच्या ताब्यात घेतले. या प्रकरणात कंपनीला खलनायक ठरवण्याची कलाजगतात प्रथा आहे. ती पुरती न्याय्य वाटत नाही. उभारणीचा खर्च आणि चालवण्याचा खर्च हे दोन वेगळे हिशेब असतात, आणि दुसरा हिशेब पहिल्या दिवशीच कागदावर आला नाही तर तो असाच अंगावर येतो. सरकारी खर्चाने उभी राहून वर्षभरात कोरडी पडलेली कारंजी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

ओसाकाची तयारी चालू असतानाच क्लूव्हर यांचा भारताशी संबंध आला. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत डेव्हिड ट्यूडर यांनी १९६९ मध्ये इलेक्ट्रॉनिक संगीताची कार्यशाळा उभी केली होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये विक्रम साराभाई यांच्या पुढाकाराने उपग्रहाद्वारे खेड्यांत शैक्षणिक दूरचित्रवाणी पोहोचवण्याचा भारत आणि ‘नासा’ यांच्यातील करार झाला. उपग्रह मिळणार, संच बसणार. पण त्यावर दाखवायचे काय आणि ते ठरवायचे कोणी? या प्रश्नावर ई.ए.टी.च्या पथकाने आणंद येथील दूध सहकारी संस्थांचा अभ्यास करून एक प्रस्ताव दिला. म्हशीची निगा घरातल्या बायका राखतात, तेव्हा कार्यक्रमाची सामग्री त्यांच्याकडूनच यावी. गावात हलक्या व्हिडिओ यंत्रावर चित्रण करावे, ते गावालाच दाखवून प्रतिक्रिया घ्यावी आणि त्यातून कार्यक्रम घडवावा, असा त्याचा गाभा होता. शहरातील स्टुडिओत बसून ग्रामीण जनतेला उपदेश पाजण्याच्या रीतीला हा सरळ छेद होता.

साराभाई ३० डिसेंबर १९७१ रोजी निवर्तले. त्यांच्या पश्चात ‘साइट’ हा उपग्रह-दूरचित्रवाणी प्रयोग १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत झाला. विजापूर आणि गुलबर्गा हे आपल्या शेजारचे जिल्हेही त्यात होते. गुजरातच्या खेडा जिल्ह्यात तर ग्रामस्थांच्या सहभागातून कार्यक्रम करण्याचे काम पुढेही अनेक वर्षे चालले. आणंदच्या प्रस्तावाचे श्रेय त्याला थेट जोडणे अतिशयोक्तीचे होईल. प्रश्न मात्र तोच होता. याच सुमारास, १९७१ मध्ये, ई.ए.टी.ने स्टॉकहोम, न्यू यॉर्क, तोक्यो आणि अहमदाबाद ही शहरे टेलेक्सने जोडून सामान्य लोकांना एकमेकांना प्रश्न विचारू दिले. विषय होता, दहा वर्षांनंतर १९८१ मध्ये जग कसे असेल.

सत्तरच्या दशकानंतर संस्थेचा पसारा आटोपत गेला. क्लूव्हर यांनी सहकारी आणि पत्नी ज्युली मार्टिन यांच्याबरोबर पॅरिसमधील माँपार्नासच्या कलावंतांचा इतिहास खणायला घेतला. त्यात त्यांना झाँ कॉक्तो यांनी काढलेली पिकासो आणि मित्रांची छायाचित्रे मिळाली. त्यांवर दिवस-वेळ नव्हती. क्लूव्हर यांनी इमारतींची मापे घेतली, छायाचित्रांतील सावल्यांचे कोन मोजले, सूर्याच्या स्थितीशी ताडून पाहिले आणि ती सर्व छायाचित्रे १२ ऑगस्ट १९१६ या एकाच दिवसाची असल्याचे दाखवून त्यांचा क्रमही लावला. ‘अ डे विथ पिकासो’ हे त्यांचे पुस्तक १९९७ मध्ये इंग्रजीत आले. ११ जानेवारी २००४ रोजी न्यू जर्सीत त्यांचे निधन झाले. फुजिको नाकाया यांची धुक्याची शिल्पे नंतर अनेक देशांत उभी राहिली. स्पेनमधील बिल्बाओच्या गुगेनहाइम संग्रहालयाबाहेर त्यांपैकी एक आहे. थॉमस मी यांच्या कंपनीने बारीक तुषारांचे हेच तंत्र हरितगृहे आणि वीजनिर्मितीची गॅस टर्बाइने थंड ठेवण्यासाठी विकायला सुरुवात केली.