सुकाणूवरचा हात

समुद्रात दोन जहाजांची टक्कर झाली, की पहिला प्रश्न विचारला जातो तो हा, की त्या वेळी सुकाणूवर कोण होते? प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु त्याचे उत्तर मिळताच चौकशी पुरी झाली असे मानण्याची जी सवय पडली आहे, तिच्याविषयी आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी नोकरीच्या काळात एखाद्या तरी अपघाताचे कागद हाताळले असतील. 'जबाबदारी निश्चित करणे' या शब्दांचा व्यवहारातील अर्थ, यंत्राला शेवटचा हात कोणाचा लागला ते शोधणे, एवढाच बहुधा उरतो, हे त्यांना सांगावयास नको. आरमारी टकरींचा इतिहास मात्र निराळी साक्ष देतो.

२२ जून १८९३ रोजी भूमध्य समुद्राच्या पूर्व टोकास, आजच्या लेबाननमधील त्रिपोलीनजीक, ब्रिटिश आरमार दोन समांतर रांगांनी चालले होते. एका रांगेच्या अग्रभागी 'व्हिक्टोरिया' या जहाजावर आरमाराचे प्रमुख ट्रायन होते. दुसऱ्या रांगेच्या अग्रभागी 'कॅम्परडाउन'वर त्यांचे दुय्यम मार्कहॅम. रांगांमधील अंतर सुमारे १,२०० यार्ड. दोन्ही रांगांनी आतल्या बाजूस वळून उलट दिशेने परत फिरावे, असा हुकूम ट्रायन यांनी दिला. प्रत्येक जहाजास वळण्यासाठी सुमारे ८०० यार्ड लागत. म्हणजे दोहोंस मिळून १,६०० यार्ड हवेत, हा हिशेब शाळकरी मुलासही करता आला असता. हाताखालच्या अधिकाऱ्यांनी तो केलाही होता. अंतर वाढविण्याची सूचना त्यांनी केली, परंतु ती टिकली नाही. मार्कहॅम हुकूम पाहून क्षणभर थबकले. तेव्हा वरून विलंबाबद्दल जाब विचारणारी खूण आली आणि ते वळले. 'कॅम्परडाउन'चे टोक 'व्हिक्टोरिया'च्या कुशीत शिरले. ट्रायन यांच्यासह ३५८ माणसे बुडाली. सुकाणूवरील नाविकांनी दोन्ही जहाजांवर हुकूम बिनचूक पाळला होता. चूक होती ती वरिष्ठाच्या शब्दापुढे गणित गप्प बसते अशा शिस्तीत. लष्करी न्यायालयाने दोष ट्रायन यांच्यावर ठेवला, पण मार्कहॅम यांनी आपली शंका वेळीच कळविली नाही याबद्दल खेदही नोंदविला.

सव्वाशे वर्षांनी हीच गोष्ट नव्या वेषात पुन्हा घडली. २१ ऑगस्ट २०१७ च्या पहाटे सिंगापूरजवळ अमेरिकन युद्धनौका 'जॉन एस. मॅकेन' आणि 'अल्निक एम.सी.' हे तेलवाहू जहाज यांची टक्कर होऊन दहा नाविक दगावले. या नौकेचा वेग काचेच्या पडद्यावर बोट ठेवून कमीजास्त करावा लागे. सुकाणूवरील नाविकास दिशा आणि वेग ही दोन्ही कामे झेपत नाहीत असे पाहून कप्तानाने वेगाचे काम दुसऱ्या नाविकाकडे देण्यास सांगितले. हे हस्तांतर होताना वेगाबरोबर सुकाणूचा ताबाही नकळत दुसऱ्या जागी गेला. पहिल्या नाविकास वाटले, सुकाणूच निकामी झाले. वेग कमी करण्याचा हुकूम झाला. परंतु दोन मळसूत्रांचे नियंत्रण एकमेकांशी जोडलेले नसल्यामुळे डावीकडचे तेवढे मंदावले आणि नौका डावीकडे, तेलवाहू जहाजाच्या वाटेत, अधिकच वळली. ताबा कोणाकडे आहे हे उमगेपर्यंत वेळ निघून गेली होती.

हात चुकला, हे खरे. परंतु त्या पहारातील काही नाविक दुसऱ्या नौकेवरून तात्पुरते आलेले होते आणि तेथील यंत्रणा निराळी होती. नवीन अधिकाऱ्यांना वर्गात बसवून देण्याचे पायाभूत शिक्षण २००३ साली त्या आरमाराने बंद केले होते. शिकवणीच्या तबकड्या हाती देऊन त्यांची रवानगी थेट जहाजावर होई. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१९ साली मूळ कारण सांगितले ते आरमाराच्या अपुऱ्या देखरेखीचे आणि तीमुळे राहिलेल्या अपुऱ्या शिक्षणाचे. त्याच वर्षी आरमाराने वेगासाठी हाताने सरकविण्याच्या जुन्या दांड्या पुन्हा बसविण्याचे ठरविले.

आपल्या किनाऱ्यालाही हे दुःख परके नाही. माझगाव गोदीत बांधलेली 'विंध्यगिरी' ३० जानेवारी २०११ रोजी मुंबई बंदराच्या वाटेवर 'नॉर्डलेक' या व्यापारी जहाजावर आदळली, पेटली आणि दुसऱ्या दिवशी गोदीत बुडाली. नौसैनिकांची कुटुंबेही तीवर होती. सुदैवाने सर्व वाचले. १८ डिसेंबर २०२४ रोजी दैव इतके दयाळू नव्हते. इंजिनाची चाचणी चाललेली नौदलाची वेगवान होडी, घारापुरीस निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली आणि पंधरा जीव गेले. इंजिनातील बिघाडामुळे ताबा सुटला, असे नौदलाने सांगितले. बोटीस परवाना ८४ प्रवाशांचा होता. माणसे शंभरावर होती. होडी कोण चालवीत होता, याच्याआधी आम्ही विचारू की, प्रवाशांच्या वाटेत अशी चाचणी व्हावी की नाही हे ठरविणे कोणाचे काम होते? आणि बोटीत चढणारी माणसे मोजणे कोणाचे?

जबलपूर समुद्रापासून दूर आहे. पण टक्कर कशी टाळावी याचा एक जुना धडा येथेच आहे. १८७० साली मुंबईकडून आलेला आणि कलकत्त्याकडून आलेला असे दोन लोहमार्ग येथे जोडले गेले. गाड्या वाढल्या तशी रेल्वेने केवळ सांधेवाल्याच्या सावधपणावर भिस्त ठेवली नाही. एका गाडीसाठी सिग्नल पाडला, की त्या मार्गाच्या आड येणारा दुसरा सिग्नल पाडताच येऊ नये, अशा रीतीने तरफा एकमेकींत अडकविल्या. माणूस थकेल, गोंधळेल, चुकेल हे गृहीत धरून यंत्र घडविले. अपघात तरीही होतात. पण न झालेल्या अपघातांची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही.

याचा अर्थ दोषी माणसास मोकळे सोडावे असा नव्हे. निष्काळजी नाविकास शिक्षा व्हावीच. परंतु एका नाविकास बडतर्फ केल्याने काचेचा पडदा बदलत नाही, बंद पडलेले वर्ग पुन्हा भरत नाहीत आणि शंका बोलून दाखविण्याचे धैर्य कनिष्ठांच्या अंगी येत नाही. त्याच्या जागी येणारा दुसरा नाविक त्याच पडद्यापुढे, तितक्याच अपुऱ्या शिक्षणावर उभा राहतो. म्हणून चौकशीच्या कागदावर एक नाव लिहून सही करण्यापूर्वी अधिकाऱ्याने आणखी तीन नावे शोधावीत: त्या हातास शिकविले कोणी, त्याच्यापुढे ते यंत्र ठेवले कोणी, आणि त्याची शंका ऐकून घेण्याचे काम कोणाचे होते. ही नावे बहुधा सही करणाराच्या खुर्चीच्या जवळपासच सापडतात, आणि म्हणूनच ती कागदावर क्वचित येतात.