जिप्समच्या वडीची कुळकथा

बारामती-इंदापूरच्या ऊसपट्ट्यात मातीतला ओलावा मोजणाऱ्या सेन्सरचं आता कुणाला नवल वाटत नाही. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साथीने उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग हाती घेतला आहे. त्यात उपग्रहाची चित्रं आणि हवामान केंद्र यांच्या जोडीला मातीत पुरलेले सेन्सरही आहेत. शाळेच्या प्रयोगशाळेतही दोन दातांचा स्वस्त सेन्सर मिळतो. कुंडीत खोचला की पडद्यावर आकडा उमटतो. हा आकडा नेमकं काय मोजतो, हे शोधत गेलं की गोष्ट सव्वाशे वर्षं मागे जाते.

त्याआधी ओलावा मोजायच्या दोन रीती होत्या. शेतकरी वीतभर खालची माती उकरून मुठीत दाबायचा. गोळा झाला आणि हाताला चिखल लागला नाही, की वाफसा आला. प्रयोगशाळेत मातीचा नमुना तोलायचा, भट्टीत १०५ अंश सेल्सिअसला सुकवायचा आणि पुन्हा तोलायचा. घटलेलं वजन म्हणजे पाणी. ही रीत अचूक, पण उत्तर येईपर्यंत दिवस जातो आणि प्रत्येक वेळी नवा खड्डा खणावा लागतो.

१८९७ साली अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या मिल्टन व्हिटनी, फ्रँक गार्डनर आणि लायमन ब्रिग्ज यांनी विजेची वाट धरली. ओल्या मातीतून वीज सहज जाते, सुक्या मातीत अडते. तेव्हा विजेला होणारा रोध मोजला की ओलावा कळेल, असा त्यांचा हिशोब होता. तो क्षारांनी बिघडवला. शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही, ती वाहते पाण्यात विरघळलेल्या क्षारांमुळे. त्यामुळे खारी माती असते त्यापेक्षा जास्त ओली भासते. त्याच वर्षी त्याच खात्याने ही अडचणच कामाला लावली आणि विजेवरून मातीतले क्षार मोजायची पद्धत मांडली. आपल्या माती परीक्षणाच्या अहवालात ‘ईसी’ (विद्युतवाहकता) म्हणून जो आकडा येतो, तो याच कुळातला.

इकडे नीरेच्या खोऱ्यात तोच क्षार शेतात वर येत होता. १८७६-७७च्या दुष्काळानंतर नीरा डावा कालवा झाला आणि बारामती-इंदापूरच्या कोरड्या रानात ऊस उभा राहिला. पण भारी काळ्या जमिनीत पाणी जास्त झालं आणि निचरा नसला, की भूजल वर चढतं. वरचं पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे हॅरल्ड मान आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हणे यांचा नीरा खोऱ्यातल्या खाऱ्या जमिनींवरचा अभ्यास १९१० साली प्रसिद्ध झाला. पाणी किती द्यायचं आणि कधी थांबवायचं, हा प्रश्न या भागात शंभर वर्षांहून जुना आहे.

क्षारांच्या अडचणीवर उपाय सापडला तो मिशिगनमध्ये. ग्रीसमध्ये जन्मलेले मृदाशास्त्रज्ञ जॉर्ज बुयुकोस आणि त्यांचे सहकारी ए. एच. मिक यांनी १९४० साली दोन तारा प्लॅस्टर ऑफ पॅरिसमध्ये बसवून त्यांची वडी पाडली. पाणी घालून थापलेलं प्लॅस्टर घट्ट झालं की त्याचं जिप्सम होतं. मातीत पुरलेली ही वडी शेजारच्या मातीबरोबर पाणी घेते आणि सोडते. पण वडीच्या आतल्या पाण्यात जिप्सम कायम विरघळलेलं असतं, लिटरमागे साधारण २.५ ग्रॅम. क्षाराची ही मात्रा वडीतच ठरलेली असल्याने बाहेरून आलेल्या थोड्याफार मिठाने फरक पडत नाही. बदलतं ते फक्त पाणी. भिजलेल्या वडीचा रोध काही शे ओहम असतो, सुकत गेली की तो हजारोंच्या घरात चढतो.

चोपण, म्हणजे सोडियम साठून घट्ट झालेली जमीन सुधारायला आपले शेतकरी जे जिप्सम पसरतात, तेच हे. वडीच्या मर्यादाही या जिप्सममधूनच येतात. जमीन फार क्षारपड असेल तर बाहेरचं मीठ जिप्समला भारी पडतं आणि वडीचं मापही चुकतं. शिवाय वडी विरघळत विरघळत काही हंगामांत झिजून जाते. पुढे १९८०मध्ये कॅनडाच्या टॉप, डेव्हिस आणि ॲनन यांनी मातीच्या परावैद्युत गुणांकावरून, म्हणजे विद्युतक्षेत्रात ऊर्जा साठवण्याच्या क्षमतेवरून, पाणी मोजण्याचं सूत्र दिलं. पाण्याचा हा गुणांक ८० च्या आसपास, कोरड्या मातीचा ३ ते ५. हा मोठा फरक आजच्या बऱ्याच सेन्सरांच्या कामी येतो.

शाळेत मात्र सुरुवात वडीपासूनच व्हावी. जुन्या इंजेक्शनच्या नळीचा तुकडा साचा म्हणून घ्यावा, त्यात सेंटीमीटरभर अंतरावर दोन स्टीलच्या तारा उभ्या कराव्यात, प्लॅस्टर ओतावं. दुसऱ्या दिवशी वडी काढून रात्रभर पाण्यात ठेवावी. दोन कुंड्या भराव्यात: एकीत गोड्या रानाची माती, दुसरीत क्षारपड तुकड्यातली. प्रत्येकीत एक वडी पुरावी आणि शेजारी दोन उघडे खिळे रोवावेत. रोज तीन नोंदी घ्यायच्या: कुंडीचं वजन, खिळ्यांमधला रोध, वडीचा रोध. मल्टिमीटर एकाच दिशेने वीज देतो, त्यामुळे तारांपाशी भार साठून आकडा सरकत राहतो. म्हणून टोकं उलटसुलट लावून सरासरी घ्यावी.

वजन सारखं घटत असताना खाऱ्या कुंडीतले खिळे ‘अजून ओल आहे’ असं सांगत राहतात. मुलांनी आलेख काढला की हे खोटं त्यांना स्वतःला सापडतं, आणि व्हिटनींना १८९७ साली काय अडलं होतं ते न सांगता कळतं. मग विकतचा सेन्सर त्याच कुंड्यांत खोचून त्याचीही परीक्षा घ्यावी. जिथे पाण्याची पाळी चुकली तर जमीन पिढ्यान्‌पिढ्या खारावते, तिथल्या मुलांना आकडा वाचता येणं पुरेसं नाही. तो तराजूवर ताडून पाहायची सवय त्यांना शाळेतच लागायला हवी.