विरारची निर्वीज तार

वरोरहून मुंबईस जायचे म्हणजे आधी वाणगाव स्थानक गाठायचे, आणि 2013 पूर्वी ज्यांनी हा प्रवास शटल गाडीने केला त्यांना विरारचे ते उतरणे पक्के स्मरत असेल: मासळीची पाटी सावरीत जिना चढायचा, पलीकडच्या फलाटावर यायचे आणि लोकलच्या गर्दीत पुन्हा जागा शोधायची.

रूळ तर अखंड होते. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने तो रुंद मार्ग 1864 सालीच मुंबईस आणून भिडवला होता. भेद होता तो माथ्यावरच्या तारेत. मुंबई इलाख्यात 1925 साली विजेची गाडी धावली ती 1500 व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर, आणि 1936 साली विरारपर्यंत पोचलेली तारही त्याच दाबाची होती. पुढे 1957 साली रेल्वेने देशासाठी 25,000 व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह पत्करला, कारण दाब वाढला की तार बारीक पुरते आणि उपकेंद्रे दूरदूर ठेवता येतात. सत्तरच्या दशकात आमच्या डहाणूकडे आली ती ही वीज. दोन्ही निर्णय आपापल्या काळी योग्यच होते.

दोन प्रवाहांच्या त्या सरहद्दीवर तारेचा एक तुकडा निर्वीज राखलेला असे. लांब पल्ल्याच्या गाडीचा चालक त्याआधी वीज तोडी, गाडी केवळ अंगच्या वेगाने तो तुकडा ओलांडी, आणि पलीकडे इंजिन दुसरा प्रवाह घेई. चित्तरंजनच्या कारखान्यात 1975 पासून बांधलेली डब्ल्यूसीएएम-1 इंजिने याचसाठी होती. जुन्या लोकलना ही सोय नव्हती, म्हणून विरारला गाडी बदलावी लागे.

ही तजवीज मला थोर वाटते, कारण तिने विसंगती उघड मांडली. उलट संगणकात अनेक थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे कामाचे धागे, गृहीत धरून बांधलेली लायब्ररी आणि तसे न धरता बांधलेला प्रोग्राम बिनतक्रार जोडले जाऊ शकतात. त्रुटीचा क्रमांक ठेवण्याची जागा एकाच्या लेखी प्रत्येक थ्रेडची स्वतंत्र, तर दुसऱ्याच्या लेखी सर्वांची सामाईक, आणि त्या सांध्यावर निर्वीज तार कोणी ताणलेली नसते. एका यंत्रावर सुरळीत चालणारे काम दुसऱ्यावर ऐन गर्दीत कोसळते, तेव्हा शोधणाऱ्याच्या रात्री जातात.

पश्चिम रेल्वेची मुंबईतली तार फेब्रुवारी 2012 मध्ये संपूर्ण 25,000 व्होल्टची झाली, आणि 16 एप्रिल 2013 रोजी लोकल डहाणूपर्यंत आली. त्या लोकलमध्ये वाणगावला दाराशी ठेवलेली पाटी आता विरारला जागची हलत नाही.